डेलोस व्हीटनच्या दगडावरची जागा

सोमवार, ६ एप्रिल १९०८

आज दुकानात लूमिस आले. ते इथल्या साप्ताहिकाचे संपादक, आणि गावात काहीही करायचं ठरलं की आपोआप त्याचे अध्यक्ष. बियाणं न्यायला आले असतील म्हणून मी काकडीच्या नव्या जातीचं पाकीट काढून ठेवलं, तर म्हणाले, बसून बोलण्यासारखं काम आहे. मी पोत्यावर बसलो, त्यांना खुर्ची दिली.

काम असं, की टेनी फॉल्स गावानं डेलोस व्हीटनचं स्मारक करायचं ठरवलंय. पैसे घेऊन चेंडू खेळणं हे सभ्य माणसाचं काम नव्हे असं लोक म्हणायचे, त्या काळात डेलोस बोस्टनपासून शिकागोपर्यंत बेसबॉल खेळून आला. तो पिचर होता, म्हणजे मारणाऱ्याकडे चेंडू टाकणारा, आणि त्याचा चेंडू हवेत वळायचा. तो जाऊन वीस-बावीस वर्षं झाली. आता शेजारचं ऑलकॉट गाव म्हणायला लागलंय, की वळणारा चेंडू आधी त्यांच्या माणसानं टाकला. तेव्हा आपण घाई केली पाहिजे, असं लूमिस म्हणाले. ग्रॅनाइटचा मोठा दगड आणायचा, आणि कबरींवर फुलं वाहायच्या दिवशी, तीस मेला, त्याच्यावरचं कापड ओढायचं.

डेलोस व्हीटन हा माझ्या बायकोचा पहिला नवरा. हे लूमिस यांनी मला सांगायची गरज नव्हती, तरी सांगितलं.

मुद्दा पुढेच होता. आत्ता कबरीवर जो लहान दगड आहे, त्याच्यावर डेलोसच्या नावाखाली 'अल्मायरा, त्याची पत्नी' असं कोरलेलं आहे. पुढे जन्मसाल, मग आडवी रेघ, मग नुसती जागा. आपल्याकडे रीतच आहे ती. नवरा गेला की दगड एकदाच करून घेतात आणि बायकोचं शेवटचं साल तेवढं मागाहून घालतात. त्या बिचाऱ्या दगडाला काय ठाऊक, की मध्ये मी येणार आहे! दर वर्षी मी लायलॅकची फुलं घेऊन अल्मायराबरोबर तिथं जातो आणि शेजारी धडधाकट उभ्या असलेल्या माझ्या बायकोचं नाव दुसऱ्याच्या कबरीवर वाचून घरी येतो.

तर नव्या दगडावरही तिचं नाव तसंच राहू द्यायचं का, असं लूमिस विचारत होते. माझी हरकत नसेल तर.

मी म्हटलं, हरकत कसली? आणि काकडीचं पाकीट त्यांना फुकट देऊन टाकलं.

अल्मायराला अजून सांगितलं नाही. अचानक कळलं तर तिला जास्त आनंद होईल. दुपारपासून माझ्या पोटात मात्र जळजळ होतेय. डुकराचं मांस जरा जुनं असावं.

बुधवार, ८ एप्रिल

वाटाण्याचं बियाणं आलं. अर्धी पोती ओलसर. मांस जुनं नव्हतं असं अल्मायरा म्हणते.

रविवार, १२ एप्रिल

प्रार्थना झाल्यावर आई-वडिलांच्या कबरीकडे गेलो. आम्हा टॅलमॅज लोकांचा चौकोन तसा लहानच, पण चांगल्या जागी आहे, एल्मच्या झाडाखाली. आजोबा, आजी, वडील, आई, बहीण. अल्मायरा बराच वेळ कुंपणाशी उभी होती. मग तिनं विचारलं, "तुमच्या लोकांत अजून जागा आहे का हो?"

मी म्हटलं, "एक आहे, माझ्यापुरती. त्याची काळजी करू नकोस."

आई गेली तेव्हाही अल्मायरानं हेच विचारल्याचं आठवतं. माझं सगळं नीट व्हावं याची तिला किती चिंता! खरं सांगायचं तर मला भरून आलं. घरी परतताना ती माझ्यापुढे भराभर चालत गेली. बोलते ती तशी कमीच. मला ती अजून 'मिस्टर टॅलमॅज' म्हणते, आणि डेलोसचा विषय निघालाच तर 'डेल'. त्याचं मला काही वाटत नाही. आमच्या वयात लग्न करणाऱ्यांनी रीत पाळावी हे चांगलंच.

गुरुवार, १६ एप्रिल

साप्ताहिकात बातमी आली. पहिल्याच पानावर, आणि लूमिस यांच्या शब्दांत म्हणजे दहा ओळींचं काम तीस ओळींत. शेवटी लिहिलंय, की श्रीयुत ओरिन टॅलमॅज यांनी मोठ्या मनानं संमती दिल्यामुळे श्रीमती अल्मायरा यांचं नाव नव्या दगडावरही त्या थोर खेळाडूच्या नावाखाली कायम राहील.

अल्मायरानं न्याहारी करता करता वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मी अंड्याकडे बघत बसलो होतो, तिच्या चेहऱ्याकडे बघायची हिंमत होत नव्हती.

"तुम्हाला विचारलं त्यांनी?" ती म्हणाली.

"हो, अगदी रीतसर. दुकानात येऊन."

"आणि तुम्ही हो म्हणालात."

"लगेच," मी म्हटलं. "क्षणभरसुद्धा विचार करावा लागला नाही."

तिनं कागदाची नीट घडी घातली, उठली, आणि कोंबडीची पिल्लं ठेवली आहेत त्या खोक्याच्या तळाशी तो अंथरला. मग खिडकीबाहेर बघत उभी राहिली. आनंद झाला की माणसं कधी कधी अशी गप्प होतात. माझं म्हणाल तर मी योग्य तेच केलं याबद्दल मला शंका नाही. फक्त झोप लागत नाही, एवढंच.

गुरुवार, २३ एप्रिल

तीन दिवस जेवणात थंड घेवडा. आज चौथा. तक्रार नाही, घेवडा पोटाला चांगला. पण ब्रेडचा टोकाचा कडक तुकडाही मलाच येतोय, आणि तो तिला आवडतो म्हणून आजवर ती कुणाला हात लावू देत नव्हती. मला काही समजेनासं झालंय.

सोमवार, २७ एप्रिल

वेल्श पाथरवट प्रॉसरच्या शेडसमोर आमची बग्गी उभी दिसली. अल्मायरा आत होती. मी रस्त्याच्या पलीकडून गेलो, तिनं पाहिलं नाही. आपलं नाव कसं कोरताहेत ते बघायला गेली असणार. तीस मेपर्यंतसुद्धा तिला धीर धरवत नाही, बघा.

मी दुकानात येऊन दोनदा पावती चुकीची केली. वेल्श लोकांचं काम चांगलं असतं म्हणतात. अक्षरं खोल कोरतात. शंभर वर्षं जात नाहीत म्हणे.

सोमवार, ४ मे

स्मारक समितीनं डेलोसच्या जुन्या कॅचरला शोधून काढलं. मारणाऱ्याच्या मागे उभा राहून पिचरचा चेंडू झेलतो तो कॅचर. कॉर्नेलियस हॅगर्टी, डेलोसच्या वेळचा 'कॉन', ट्रॉयचा आयरिश म्हातारा. गावात उतरायची धड सोय नाही, तेव्हा लूमिस यांनी त्याला आमच्याकडेच उतरवलं. मला विचारलं होतं. मी अर्थातच हो म्हणालो.

त्याचे हात पाहिले आणि मी हस्तांदोलन करायचं विसरलो. त्या काळात कॅचर उघड्या हातांनी झेलत. हॅगर्टीचे दोन्ही हात पार आल्याच्या कांड्यांसारखे झालेत, गाठी गाठी, कुठलंच बोट कुठल्या बोटाच्या रेषेत नाही. म्हणाला, "घाबरू नका टॅलमॅजसाहेब, चमचा धरता येतो. ग्लास तर त्याहून चांगला."

दारात अल्मायराला बघून तो "मिसेस व्हीटन!" असं ओरडलाच. ती हसली, पण लगेच म्हणाली, "टॅलमॅज. मिसेस टॅलमॅज, कॉन." पाहुण्यासमोर मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली असणार. किती सांभाळून घेते.

संध्याकाळी स्वयंपाकघरात दोघं बराच वेळ बोलत होती. ती हसत होती. तिचं हसणं असं आहे हे मी जवळजवळ विसरलो होतो. आत जावं की जाऊ नये हे ठरेना, म्हणून पोर्चवरच बसून राहिलो. जेवायला मात्र गरम मटण होतं.

गुरुवार, ७ मे

हॅगर्टीनं आज दुकानात बसून जुन्या खेळाच्या गोष्टी सांगितल्या. गिऱ्हाइकं बियाणं न घेताच ऐकत उभी. मला बेसबॉल कधी कळला नाही, पण एक गोष्ट ऐकून वहीत लिहावीशी वाटली.

तेव्हा पंच पगारी नसे. गावातला एखादा प्रतिष्ठित गृहस्थ उंच टोपी घालून मैदानाकडेला खुर्चीवर बसे. त्याला कधी दिसलं नाही, धूळ उडाली, कुणी मध्ये आलं, तर तो सरळ त्या खेळाडूलाच विचारी. अमक्या, तू बाद की नाही? आणि खेळाडू खरं ते सांगे. एकदा महत्त्वाच्या सामन्यात पंचानं डेलोसला विचारलं, तुझा पाय रेषेच्या बाहेर गेला होता का? डेलोस म्हणाला, गेला होता. सामना गेला. लोकांनी त्याच्यावर खाऊन उरलेली सफरचंदं फेकली.

"मग पुढे?" मी विचारलं.

"पुढे काय, पैसा वाढला आणि विचारणं बंद झालं," हॅगर्टी म्हणाला. "आता पंच स्वतःच ठरवतो. दिसलं नाही तरी ठरवतो. हुशार झाले सगळे."

किती सोपी पद्धत होती. ज्याचं त्यालाच विचारायचं. आजच्या लोकांना एवढंही सुचू नये याचं नवल वाटतं.

डेलोसबद्दल मी जितकं ऐकतो तितका तो मोठा होतो. वाईट माणूस निघाला असता तर सोपं गेलं असतं.

मंगळवार, १२ मे

आज स्वतःचं हसं करून घेतलं. हॅगर्टीनं एक जुना चेंडू आणलाय. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा तो घेऊन मागच्या अंगणात गेलो. चेंडू हवेत वळतो म्हणजे काय, हे एकदा बघावं म्हणून. कमरेखालून हात फिरवून फेकला. तो सरळ कोंबड्यांच्या पाण्याच्या भांड्यात. दुसरा कोंबडीच्या अंगावर. तिसरा कुठं गेला ते बघतोय, तर अल्मायरा तो हातात घेऊन उभी.

"तुम्ही फेकायच्या आधीच डोळे मिटता," ती म्हणाली.

मग तिनं ॲप्रनला हात पुसले, दोन बोटं चेंडूच्या शिवणीवर ठेवली, आणि हात मागे नेऊन टाकला. वखारीच्या भिंतीवर मी खडूनं जी फुली केली होती तिच्या चांगला हातभर उजवीकडे चाललेला चेंडू शेवटच्या क्षणी आत वळला आणि फुलीवर आदळला. शपथेवर लिहितो, वळला. माझी बायको चोपन्न-पंचावन्न वर्षांची आहे.

मी विचारलं, हे कधी शिकलीस? म्हणाली, हिवाळ्यात बर्फ पडलं की डेलला झेलायला कुणी मिळायचं नाही. मग कोठारात मीच उभी राहायचे. करंगळी तेव्हाच मोडली.

ती करंगळी दारात सापडून वाकडी झाली असं मी इतकी वर्षं समजत होतो. तिनं सांगितलं होतं का तसं? नाही. मीच समजलो होतो.

"मनगटात असतं सगळं," ती म्हणाली. "आणि मारणाऱ्याची खात्री पटली पाहिजे, की सरळच येतोय. त्याची खात्री पटली की बाकीचं तोच करतो." असं म्हणून तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, मग भांड्यात पाणी भरून आत गेली.

मी तिथंच उभा राहिलो. बर्फात उभं राहून बोट मोडून घ्यायचं, म्हणजे केवढं प्रेम असेल. माझ्यासाठी तिनं काय केलं? मोजे विणले, हिशेब लिहिले, मला न्यूमोनिया झाला तेव्हा आठ रात्री खुर्चीत बसून काढल्या. पण ते सगळ्याच बायका करतात.

मंगळवार, १९ मे

आमच्या बैठकीच्या खोलीत समितीची सभा. लूमिस यांनी दगडावरची ओळ वाचून दाखवली: 'वळणारा चेंडू प्रथम टाकणारा.' हॅगर्टी म्हणाला, प्रथम हा शब्द जरा जपून वापरा. प्रत्येक गावात असा एक माणूस असतो ज्यानं तो आधी टाकला. लूमिस चिडले. तुम्ही डेलोसचे मित्र की ऑलकॉटचे? हॅगर्टी म्हणाला, मित्राचाच म्हणून सांगतो.

मग लूमिस अल्मायराकडे वळले. तिनं कॉफी ओतता ओतता सांगितलं, "चेंडू का वळतो ते डेललाही कधी कळलं नाही. पहिल्यांदा वळला तेव्हा तो मला म्हणाला, हे तूच काहीतरी केलंस." सगळे हसले. लूमिस यांनी ओळ तशीच ठेवली.

पुढे असं ठरलं, की समारंभानंतर ऑलकॉटशी जुन्या पद्धतीचा सामना खेळायचा. चेंडू कमरेखालून, झेल उघड्या हातांनी. पंच म्हणून सगळ्यांनी माझं नाव घेतलं. गावात ज्याला या खेळातलं काहीच कळत नाही असा प्रतिष्ठित माणूस मी एकटाच, असं हॅगर्टी म्हणाला. उंच टोपी घातली पाहिजे. ती माळ्यावर आहे, उंदरांनी ठेवली असेल तर.

शनिवार, २३ मे

आज धीर करून हॅगर्टीला एकट्याला गाठलं. तो पोर्चवर पाइप ओढत होता. मी म्हटलं, तुम्ही दोघांना जवळून पाहिलंय. तिचं त्याच्यावर फार प्रेम होतं का?

त्यानं पाइप कठड्यावर झाडला. मग सांगितलं, की शेवटी डेलोसच्या हातात काही त्राण राहिलं नव्हतं. केससुद्धा विंचरता यायचे नाहीत. ती विंचरायची. मग फुप्फुसं गेली. त्याआधी दर वसंतात तो जेवता जेवता सांगायचा, परवा शिकागोला निघतो, करार केलाय. तिला विचारलं होतंस का, असं हॅगर्टीनं एकदा त्याला म्हटलं. तर म्हणाला, तिला चालतं. मैदानात पंचाशी खरं बोलणारा माणूस, पण घरात कधी कुणाला काही विचारलं नाही.

"पण प्रेम होतं का?" मी पुन्हा म्हटलं.

"टॅलमॅजसाहेब," तो म्हणाला, "हे तुम्ही मला का विचारताय?"

तिला कसं विचारणार असलं? माणसाला काही मर्यादा असते. डेलोसनं तिला विचारलं नाही हे ऐकून मात्र मला त्याचा पहिल्यांदा राग आला. मी असतो तर विचारलं असतं.

टोपीला एकच भोक पडलंय, मागच्या बाजूला.

शनिवार, ३० मे

जे घडलं ते घडलं तसं लिहितो. अर्थ लागेल तेव्हा लागेल.

सकाळी आधी युद्धातल्या सैनिकांच्या कबरींवर फुलं वाहिली, मग बँड डेलोसच्या कबरीकडे गेला. गाव लोटलं होतं. ऑलकॉटचेही लोक होते, हाताची घडी घालून. लूमिस यांचं भाषण चाललं होतं तेव्हा मी अल्मायराच्या शेजारी उभा होतो. माझ्या मनाची तयारी पूर्ण झाली होती. कापड निघेल, तिचं नाव दिसेल, मी टोपी काढीन, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून मला त्रास होतोय असं कुणालाही दिसणार नाही. आरशासमोर करून पाहिलं होतं.

कापड निघालं. डेलोस व्हीटन. पिचर. साल. वळणारा चेंडू प्रथम टाकणारा. वर कोरलेला चेंडू, शिवणीसकट. आणि खाली जिथं तिचं नाव हवं, तिथं नुसता गुळगुळीत दगड.

लोक कुजबुजायला लागले. लूमिस यांचा चेहरा बीटसारखा झाला. मला वाटलं, प्रॉसर विसरला. एवढ्या दिवसांच्या जळजळीनंतर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं. मला तिच्यासाठी वाईट वाटलं, अगदी मनापासून. मी पुढे होऊन प्रॉसरला म्हटलं, ही काय चूक करून ठेवलीत? माझ्या बायकोचं नाव कुठंय?

"चूक नाही," अल्मायरा मागून म्हणाली. "मी सांगितलं त्याला."

लूमिस म्हणाले, "पण मॅडम, टॅलमॅजनी तर होकार..."

"ते नाव द्यायला त्यांचं नव्हतं," ती म्हणाली.

ती मोठ्यानं बोलली नाही, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. मग कुणीतरी बँडला खूण केली आणि त्यांनी जे यायचं ते वाजवायला सुरुवात केली. अल्मायरानं आपली लायलॅकची फुलं दगडाशी ठेवली, हातानं दगडावरची थोडी भुकटी झाडली आणि मैदानाकडे चालायला लागली. मी तिच्या मागे मागे गेलो. ऊन फार आहे, असं म्हटलं. ती म्हणाली, आहे.

मग सामना. मी खुर्चीवर, उंच टोपीत. काय चाललंय ते अर्धं कळत नव्हतं आणि उरलेल्या अर्ध्याकडे लक्ष नव्हतं. हॅगर्टी माझ्या मागे उभा राहून हळूच सांगत होता, बाद, नाही बाद, टोपी सरळ करा. शेवटी शेवटी लूमिस धावत तिसऱ्या बेसकडे, म्हणजे धावणाऱ्यानं गाठायच्या तिसऱ्या खुणेकडे आले, पोटावर घसरले, आणि एवढी धूळ उडाली की मला कुणीच दिसेना. सगळे माझ्याकडे बघायला लागले. हॅगर्टीकडे वळलो तर तो आकाशाकडे बघत होता.

मी उठलो, तिथवर चालत गेलो आणि विचारलं, "लूमिस, तुम्ही बाद आहात का?"

ते धुळीत बसूनच होते. सामना त्यांच्यावर होता. एकदा त्यांनी आपल्या माणसांकडे पाहिलं, एकदा ऑलकॉटच्या लोकांकडे. मग कपडे झटकत म्हणाले, "बाद. आधी चेंडू लागला."

ऑलकॉटच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. लूमिस यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला ते प्रथमच आवडले.

सामना संपला, लोक लिंबाच्या सरबताकडे गेले. अल्मायरा झाडाखाली बाकावर एकटी बसली होती. मी जाऊन तिच्यासमोर उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो नव्हतो.

"अल्मायरा," मी म्हटलं, "तुला कुठं पुरायचं?"

इतकं ओबडधोबड मी आयुष्यात कुणाशी बोललो नाही. पण तोंडातून तेच निघालं.

तिनं वर पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ती रागावलेलीही होती, दोन्ही एकदम.

"तुमच्या लोकांत जागा एकच आहे," ती म्हणाली. "दोनदा विचारलं मी. दोन्ही वेळा म्हणालात, माझ्यापुरती आहे, काळजी करू नकोस. मग मला त्याच्याकडे परत देऊन टाकलंत. क्षणभरसुद्धा विचार न करता."

"मी विचार केला होता," मी म्हटलं. "मी दुसरं काहीच केलं नाही. मला वाटलं, तुला तिथंच हवंय."

"कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. मी बाकावर तिच्या शेजारी बसलो. टोपी मांडीवर घेतली. सरबताकडून हाका येत होत्या.

"म्हणजे तुला माझ्याजवळ..." मी म्हटलं, आणि टोपीच्या भोकात बोट घातलं.

"मिस्टर टॅलमॅज," ती म्हणाली, "तुम्ही फार चांगले आहात, पण कधी कधी मला वाटतं, तुम्हाला भिंतीवर आपटावं."

हॅगर्टी रात्रीच्या गाडीनं गेला. जाताना चेंडू अल्मायराला देऊन गेला.

रविवार, ३१ मे

प्रार्थनेनंतर दफनभूमीच्या रखवालदाराकडे गेलो. वरच्या बाजूला, जुन्या भिंतीलगत, नवे चौकोन आखलेत. मी म्हटलं, इथं दुपारनंतर ऊन यायचं नाही. अल्मायरा म्हणाली, मी काही आत्ताच येत नाहीये. रखवालदार खोकला.

मला आईचं वाटत होतं. एल्मखालची ती एक जागा तिनं माझ्यासाठीच धरून ठेवली होती, मरताना बोलली होती तसं. अल्मायराला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, घाई केली नाही. मग म्हणाली, तुम्हाला तिथं जायचं असेल तर जा, मला राग येणार नाही, पण मला आधी सांगा.

मी म्हटलं, नाही. इथं.

हे शब्द म्हणालो तेव्हा मला नीट कळत नव्हतं की मला हसू येतंय की रडू. आताही कळत नाही. इतकी वर्षं ती माझी होती, की मी तिला नुसतं सांभाळून ठेवलं होतं दुसऱ्या कुणासाठी? आणि ती काय समजत होती? हे सगळं तिला विचारायचं आहे. एकदम नाही, हळूहळू.

रखवालदारानं गवतात खुंट्या मारून चौकोन दाखवला. आम्ही आत जाऊन उभे राहिलो. अल्मायरानं आजूबाजूला पाहिलं, जागा पसंत केली, आणि मग माझा दंड धरून मला एक पाऊल भिंतीकडे सरकवलं.

"घरी तुम्ही त्या बाजूला झोपता," ती म्हणाली.

रखवालदार पावती आणायला गेला. आम्ही तिथंच उभे राहिलो, आपापल्या जागेवर.